मशीनला केलं एक्स्टर्नल

"अनागा, तुझ्या वर्गातली हुशार मुलं नापास झालीत. आणि मागे बसून फोन बघणारी टॉपला आहेत. हे काय आहे?"

ग्रेग दारात उघडा लॅपटॉप घेऊन उभा होता. ग्रेग म्हणजे आमच्या मॅथ डिपार्टमेंटचा चेअर, माझा बॉस. माझं नाव अनघा. त्यातला 'घ' त्याला जमत नाही आणि मीही तो नाद कधीच सोडलाय. फायनल्सचा आठवडा, सोमवारची सकाळ, बाहेर बर्फ. मी अजून कोटही काढला नव्हता.

मी अमेरिकेत, ॲन आर्बरजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं कॉलेज. इथून काही मुलं मोठ्या युनिव्हर्सिटीत जातात, काही नर्सिंगला. नर्सिंगच्या प्रवेशाला स्टॅटिस्टिक्समध्ये निदान बी ग्रेड लागते. त्यामुळे माझ्या वर्गात विषयाची आवड कमी आणि ग्रेडची धास्ती जास्त.

मी स्क्रीनवरचे मार्क पाहिले. खाली खाली जात शेवटच्या नावांपाशी आले. तिथे इरा होती.

इरा ही वैशालीची मुलगी. वैशाली आणि मी इथल्या महाराष्ट्र मंडळात बरोबर काम करतो, गणपतीचा स्वयंपाक दरवर्षी आम्हा दोघींकडे असतो. इरा मोठ्या युनिव्हर्सिटीत प्री-मेड, म्हणजे डॉक्टरकीच्या आधीचा अभ्यास करत होती. तिथे तिला झेपेना. एक दिवस तिने सगळं बंद केलं, खोलीतून बाहेर यायचंही बंद केलं. मग स्वतःच सावरली आणि म्हणाली, मला नर्स व्हायचंय. घरात रडारड झाली, पण ती ठाम राहिली. ही टर्म तिची दुसरी संधी होती. ग्रेड्स शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायच्या होत्या, आणि त्या बघून नर्सिंगवाले जागा भरणार होते. बी नाही, तर जागा नाही.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ दे," मी ग्रेगला म्हटलं.

"गुरुवारी डीनसमोर तुझ्याच पायलटचं प्रेझेंटेशन आहे," तो म्हणाला. डीन म्हणजे त्याचाही बॉस. "पुढच्या टर्मला सगळ्या सेक्शन्सना हे लावायचं चाललंय. प्लीज सांग की हा सॉफ्टवेअरचा ग्लिच आहे."

ग्लिच असता तर बरं झालं असतं.

हे पायलट, म्हणजे आधी माझ्याच वर्गांवर करून बघितलेला प्रयोग, काय होतं ते सांगते. आमच्या कोर्समध्ये प्रोजेक्टला मोठं महत्त्व. मुलांनी स्वतः डेटा गोळा करायचा आणि त्यावर रिपोर्ट लिहायचा. पूर्वी हे रिपोर्ट वाचायला मजा यायची. एकाने शेजाऱ्याचं कुत्रं दिवसातून किती वेळा भुंकतं याचा अभ्यास केला होता. मग एआय आलं. बघता बघता सगळे रिपोर्ट गुळगुळीत झाले. चुका गेल्या आणि कुत्रीही गेली. सगळ्यांचं इंग्रजी एकाच आईने वाढवल्यासारखं.

एआयने लिहिलेलं पकडणारी सॉफ्टवेअर्स आली. तीही वापरून पाहिली. त्यातल्या एकाने माझ्यासमोर बसून हाताने लिहिणाऱ्या एका बाईंना चोर ठरवलं, तेव्हा मी तो नाद सोडला. म्हटलं, रिपोर्ट कोणी लिहिला हे शोधत बसण्यात अर्थ नाही. लिहिलेलं कळलंय का, तेवढं विचारावं. म्हणजे व्हायवा.

ज्यांनी आपल्याकडे इंजिनिअरिंग केलंय त्यांना व्हायवा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, ही तोंडी परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक येत, त्यांना एक्स्टर्नल म्हणायचं. नागपूरला आमच्या कॉलेजात येणारे एक्स्टर्नल समोसा खात खात प्रश्न विचारायचे आणि उत्तर काहीही आलं तरी चष्म्यावरून बघून म्हणायचे, "शुअर?" कच्चा मुलगा लगेच उत्तर बदलायचा आणि गळाला लागायचा. ज्याला येत असे तो हलायचा नाही. सीनियर्स आम्हाला आदल्या दिवशीच बजावून ठेवायचे, "शुअर म्हणाले तरी हलू नका." बाकीचा अभ्यास त्यानंतर.

मला ही पद्धत फार आवडायची. एका शब्दात दूध का दूध, पाणी का पाणी. पण माझ्या सगळ्या सेक्शन्सच्या मुलांची व्हायवा एकटीने घेणं शक्य नव्हतं. म्हणून मी एआयलाच परीक्षक केलं. प्रत्येकाचा रिपोर्ट एआयला द्यायचा. मुलांनी कॉलेजच्या लॅबमध्ये बसायचं, एआयने त्या रिपोर्टवरून प्रश्न विचारायचे, मुलांनी टाइप करून उत्तरं द्यायची. एआयने कसं वागायचं याच्या सूचनांना प्रॉम्प्ट म्हणतात. तो मी लिहिला, आणि अगदी चवीने लिहिला. उत्तर बरोबर असलं तरी एकदा शंका घे. विद्यार्थी कारण देऊन ठाम राहिला तर पूर्ण मार्क. उत्तर बदललं तर शून्य.

ग्रेग खूश झाला होता. "स्ट्रेस टेस्ट! आय लव्ह इट!"

आधी मी स्वतः ती परीक्षा दिली, मग नवऱ्याला बसवलं. दोघांनाही पैकीच्या पैकी. आम्ही दोघंही नागपूरचे इंजिनिअर. तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं.

त्या सोमवारी मी दार लावून घेतलं आणि ट्रान्सक्रिप्ट्स वाचायला बसले. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मुलाचं आणि एआयचं झालेलं जसंच्या तसं संभाषण. पहिलं इराचंच उघडलं.

तिचा प्रोजेक्ट बसवर होता. बर्फ पडतो त्या दिवशी बस किती उशिरा येते आणि एरवी किती, हे तिने स्टॉपवर स्वतः उभं राहून मोजलं होतं. एक बस फारच उशिरा आली होती, बाकीच्यांच्या कितीतरी पट. अशा फटकून असलेल्या आकड्याला आम्ही आउटलायर म्हणतो. तो ठेवायचा की काढायचा हा स्टॅटिस्टिक्समधला नेहमीचा वाद. मोजण्यात चूक झाली असेल तर काढावा. खरंच तसं घडलं असेल तर केवळ अडचणीचा आहे म्हणून काढू नये.

एआयने विचारलं होतं, "हा आकडा तू का ठेवलास?"

इराने लिहिलं होतं, "कारण ती बस खरंच तेवढी उशिरा आली. मोजण्यात चूक नव्हती."

उत्तर शंभर टक्के बरोबर.

एआय म्हणालं, "तुला खात्री आहे? अनेक जण असा आकडा काढून टाकतील."

आणि इराने लिहिलं होतं, "सॉरी. बरोबर आहे तुमचं. मी तो काढायला हवा होता."

शून्य.

पुढच्या प्रश्नालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. दर वेळी आधी बरोबर उत्तर, मग सॉरी. तिसऱ्या सॉरीनंतर मला पुढे वाचवेना. उठून खिडकीशी गेले, परत आले.

बाकीची ट्रान्सक्रिप्ट्स वाचली. एकट्या इराची गोष्ट असती तर पोरगी घाबरट आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण पानापानावर हाच प्रकार होता. नीट काम केलेली, विचार करून उत्तर देणारी मुलं एका "खात्री आहे?"ला कोसळत होती. त्यांना कुठल्या सीनियरने काही बजावलं नव्हतं. इथे परीक्षक शंका घेतो ती उत्तर चुकलं तरच. बरोबर उत्तरावर मुद्दाम शंका घेणं हा आपल्याकडचा खेळ, आणि मी तो नियम न सांगता खेळायला लावला होता.

पण मग टॉपला आलेल्यांचं काय? ती कशी टिकली?

त्यात ब्रँडन पहिला होता. दुपारी तो कॉफी मशीनपाशी सापडला. मी विचारलं, "ब्रँडन, एआयने इतक्यांदा शंका घेतली, तू एकदाही डगमगला नाहीस. कसा काय?"

तो हसला. "प्रोफेसर, ते नेहमीच असं करतं. आपण जोरात सांगितलं की तेच सॉरी म्हणतं. मी रोज वापरतो ना."

"बरं. तुझ्या रिपोर्टमध्ये मीडियन काढलाय. मीडियन म्हणजे काय?"

"म्हणजे... ॲव्हरेजसारखंच, पण मोअर ॲक्युरेट?"

मीडियन म्हणजे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावले की मधोमध येतो तो. पहिल्या महिन्यातला धडा. मी परत जाऊन त्याचं ट्रान्सक्रिप्ट पाहिलं. एआयने शंका घेतल्यावर पठ्ठ्याने लिहिलं होतं, "तुम्ही माझा मुद्दा चुकीचा वाचताय. पुन्हा तपासा." मग भलंमोठं भारूड. एआयने ते 'कारण' म्हणून धरलं आणि पूर्ण मार्क देऊन टाकले.

आता सगळा घोळ लक्षात आला. ज्यांनी रिपोर्ट एआयकडून लिहून घेतला त्यांना ते दाबलं की दबतं हे माहीत होतं. ज्यांनी स्वतः लिहिला त्यांना ते शहाणं वाटलं. मी जी चाळणी लावली होती तिच्यातून दाणे खाली पडले आणि भुसा वर राहिला. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

इतक्यात फोन वाजला. वैशाली.

"अनघाताई, अगं इरा शुक्रवारी लॅबमधून आली तेव्हापासून धड जेवलीच नाही. काही सांगतही नाही. तू बघितलंस का? पास आहे ना?"

इथला कायदा असा, की कॉलेजात गेलेल्या मुलाच्या ग्रेड्स फक्त त्या मुलाच्या. आईबाप फी भरोत, लग्नाचा खर्च करोत, त्यांना शिक्षकाने एक अक्षर सांगायचं नाही.

"वैशाली, मला नाही सांगता येत. कायद्याने नाही सांगता येत."

"अगं मी काय परकी आहे? फक्त हो की नाही सांग."

"नाही सांगू शकत गं."

ती म्हणाली, "ती परत खोलीत जाऊन बसली तर मी काय करू, यार?" आणि रडायलाच लागली. तिचं रडणं थांबेपर्यंत मी फोन ठेवला नाही.

आता माझ्यापुढे पेच होता. हे मार्क चुकीचे आहेत असं ग्रेगला सांगायचं, तर त्याचा फायदा ज्यांना होणार त्यात इरा होती. मैत्रिणीची मुलगी. मी ही ओळख सांगितली नाही, तर माझं म्हणणं स्वच्छ वाटेल. सांगितली, तर तो म्हणणार, म्हणूनच हा खटाटोप. आणि नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर इराची ग्रेड कायमची संशयात. वर्गात ती मला प्रोफेसर म्हणते, पण पार्किंग लॉटमध्ये एकदा तिने मला मावशी म्हटलेलं निम्म्या वर्गाने ऐकलं होतं.

संध्याकाळी ग्रेगच्या ऑफिसात गेले. आधी ट्रान्सक्रिप्ट्स दाखवली, ब्रँडनचं सांगितलं. तो कपाळाला हात लावून वाचत होता.

"म्हणजे एआय फेल झालं."

"नाही. एआयने मी सांगितलं तेच केलं. माझी पद्धत चुकली."

"सिलॅबसमध्ये लिहिलंय की हेच मार्क धरणार." इथे सिलॅबस म्हणजे नुसता अभ्यासक्रम नव्हे, करारपत्रच समजा. "आता बदललं तर पास झालेले अपील करतील. आणि डीनला काय सांगू?"

"अजून एक आहे," मी म्हटलं. "यातल्या इराला मी लहानपणापासून ओळखते. तिची आई माझी मैत्रीण आहे."

ग्रेगने लॅपटॉप मिटला. "हे तू मला आत्ता सांगतेयस?"

"आत्ताच सांगायची वेळ आलीय."

"तिच्यासाठी करतेयस का हे?"

मी खरं तेच सांगितलं. "तिचं ट्रान्सक्रिप्ट आधी उघडलं, ते ती आहे म्हणून. बाकीची वाचली ती मला झोप लागली नसती म्हणून. तू स्वतः वाच. नावं झाकून वाच."

"सगळी पाठव मला," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, पायलट तर गेलंच, आता नोकरीवरही येतंय. माझं काँट्रॅक्ट दरवर्षी नव्याने होतं, आणि ते त्याच्याच सहीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला. नावं झाकून त्याने वाचलं होतं. त्याच्या अटी अशा होत्या. ज्यांना हवं त्या सगळ्यांना पुन्हा व्हायवा, समोरासमोर, माणसाने घेतलेली. दोन्हींतले जास्त मार्क धरायचे, म्हणजे कोणाचं नुकसान नाही. इराची व्हायवा मी घ्यायची नाही, तो घेणार. आणि डीनला सगळं मीच सांगायचं.

"म्हणजे ब्रँडनची ए ग्रेड तशीच राहणार?" मी विचारलं.

"करार म्हणजे करार," ग्रेग म्हणाला.

मग जी धावपळ झाली तिचं काय सांगू. मुलं कॉरिडॉरमध्ये कोट घालून रांगेत बसायची. मी एआयकडूनच प्रत्येकाच्या रिपोर्टवर प्रश्न काढून घेतले होते. हे काम ते उत्तम करतं, मला सुचले नसते असे प्रश्न त्याने काढले. विचारायचे मात्र मी. समोर बसलेलं माणूस अडखळलं तर ते विचार करतंय की फेकतंय, हे चेहऱ्यावरून कळतं. एक-दोघांना खरंच काही येत नव्हतं. बऱ्याच जणांना फार छान येत होतं.

गुरुवारी डीनसमोर उभी राहिले. तयार स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि जे झालं ते सांगितलं. त्या बाईंनी एकच विचारलं, "ही चूक तुमच्या लक्षात आली नसती तर?"

"तर पुढच्या टर्मला सगळ्या कॉलेजात झाली असती," मी म्हटलं. ग्रेग टेबलाकडे बघत होता.

त्याच दुपारी त्याने इराची व्हायवा घेतली. माझी खोली शेजारचीच. माझ्यासमोर दुसरा मुलगा बसला होता, तो काय सांगतोय ते मला दोनदा विचारावं लागलं. अर्ध्या तासाने इरा बाहेर आली. मी समोरच्या विद्यार्थ्याला पाठवून दिलं आणि कॉरिडॉरमध्ये गेले. कसं झालं ते विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तिनेच सांगितलं.

"त्यांनी बसचं विचारलं. म्हणाले, तो डेटा पॉइंट काढला का नाहीस? मी म्हटलं, बिकॉज इट हॅपन्ड. लोक तेवढा वेळ बर्फात उभे होते, मीपण होते. काढून टाकला तर ते उभेच नव्हते असं होईल ना?"

मला भरून आलं. इतकं सोपं मी इतक्या वर्षांत कोणत्या वर्गात सांगितलं नव्हतं.

"मग हेच एआयला का नाही सांगितलंस, बाळा? भांडायचं होतंस त्याच्याशी."

इराने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. "मावशी, तू पहिल्या दिवशी क्लासमध्ये सांगितलं होतंस ना, की त्याला सगळं तू शिकवलंयस. सो आय थॉट इट वॉज यू." ती खांद्यावरची बॅग सारखी करत म्हणाली, "मशीन असतं तर भांडले असते. मला वाटलं, तू म्हणतेयस म्हणजे माझंच चुकलं असणार."

ती गेली. मी तिथेच बाकावर बसले. रांगेतल्या पुढच्या मुलीने विचारलं, "प्रोफेसर, आर यू ओके?" मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं.

इराला बी मिळाला. कसाबसा नव्हे, चांगला. नर्सिंगची जागाही मिळाली. पायलट डीनने थांबवलं, माझं काँट्रॅक्ट मात्र थांबलं नाही. वैशाली अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. तिचं म्हणणं, व्हायवा मी घेतली असती तर ए आला असता.

आता आमच्या डिपार्टमेंटमध्ये प्रश्न एआय काढतं आणि विचारतो आम्ही. वेळ जास्त जातो, ग्रेग कुरकुरतो. नवीन शिक्षक माझ्याकडे प्रॉम्प्ट मागायला येतात, तेव्हा मी एवढंच सांगते. मशीनला परीक्षक करायचं असेल तर जरूर करा. फक्त त्याला आपलं नाव देण्याआधी बघा, की आपल्या एका शब्दावर वर्गातलं कोण स्वतःचं बरोबर उत्तर खोडून टाकेल.